सिद्रामप्पांच्या हार्टाचा विमा

सिद्रामप्पा हलकुडे यांचं हार्ट ठणठणीत होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नांदेडच्या डॉक्टरांनी ते नळी लावून ऐकलं होतं, त्याची ईसीजीची पट्टी काढून पाहिली होती आणि "घोड्याचं हार्ट आहे तुमचं" असा शेराही मारला होता. फक्त लातुरातल्या त्यांच्या गल्लीचं मत वेगळं होतं, आणि माणसाच्या तब्येतीच्या बाबतीत गल्लीपुढं डॉक्टरचं काय चालतंय!

खरं दुखणं हार्टापासून बरंच लांब होतं. सरळ सांगायचं तर मूळव्याध. बांधकाम खात्यात हेडक्लार्क असताना सिद्रामप्पांनी सगळी नोकरी एकाच खुर्चीवर काढली. लोकांच्या फायली अडवल्या, टेंडरांवर आक्षेप काढले, साहेब आले आणि गेले, पण खुर्ची तीच राहिली. त्या खुर्चीनं त्यांना निवृत्तीनंतर गाठलं. लातुरात डॉक्टरांचा काही दुष्काळ नाही. दुष्काळ होता तो पाण्याचा. पण लातूरच्या प्रत्येक दवाखान्यातला कंपाउंडर कुणाचा ना कुणाचा भाचा असतो, आणि भाच्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून "जरा नांदेडला साडूकडं जाऊन येतो" असं सांगून सिद्रामप्पा गेले, गुपचूप ऑपरेशन करून घेतलं आणि परत आले. गेले तेव्हा चालत गेले होते. आले तेव्हा तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्यासारखे आले. गल्लीनं ओळखलं की ऑपरेशन झालंय. कशाचं, एवढंच विचारायचं राहिलं.

आमच्याकडं आजारी माणसाला बघायला जायची रीत आहे. आजारी माणूस एक वेळ औषध चुकवेल, पण बघायला येणारे चुकत नाहीत. त्याच दिवशी ओट्यावर चपलांचा ढीग पडला. बिस्किटांचे पुडे आले, नारळ आले. सिद्रामप्पा कॉटवर एका कुशीवर आडवे होते आणि बायकोनं, दानम्मानं, त्यांच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर ओढली होती. गल्लीत वयानं आणि अधिकारानं सगळ्यांत मोठ्या रत्नम्मा. टँकर आला की रांग त्याच लावायच्या, आणि त्यांच्यापुढं घागर घुसवायची छाती नगरसेवकालाही नव्हती. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि सरळच विचारलं, "कुठं झालं रं आप्रेशन?"

संकटात लिंगायत माणसाचा हात जिथं जातो तिथंच सिद्रामप्पांचाही गेला: गळ्यातल्या इष्टलिंगावर. लिंगाची चांदीची डबी, म्हणजे करडगी, मुठीत धरून, डोळे मिटून ते पुटपुटले, "शिवा शिवा."

करडगी चादरीखाली होती. वरून दिसला तो छातीवर गच्च दाबलेला हात.

"हार्ट!" शेजारचे ग्यानोबा ओरडले. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. "मी म्हणलो न्हवतो? चालण्यावरूनच वळखलं मी. हार्टच हाय."

आता या ठिकाणी सिद्रामप्पांना "नाही" म्हणता आलं असतं. पण हार्ट म्हटल्याबरोबर खोलीत जी अदब पसरली ती त्यांनी पाहिली. पोरांना दटावून बाहेर काढलं गेलं. कुणीतरी पंखा वाढवला. बांधकाम खात्यातल्या सगळ्या वर्षांत असा मान त्यांना मिळाला नव्हता. ते गप्प राहिले.

"खोटं कशाला बोललाव?" लोक गेल्यावर दानम्मा म्हणाली.

"मी काहीच बोललेलो नाही," सिद्रामप्पा म्हणाले. "लेखी नाही, तोंडी नाही."

झाकली मूठ झाकलेली राहिली असती. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मीठ घालून टबमध्ये बसायचं. लातुरात त्या उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं येत होतं. नळ कधी आला होता हे आठवायला घरोघर पैज लागत होती. लोक पत्रावळीवर जेवत होते, भांडी नकोत म्हणून. पाहुणा आला तर "पाणी घेता का?" हे हळू आवाजात आणि "चहा घेता का?" हे मोठ्यानं विचारायचे. अशा गावात एका माणसाला बसायला टबभर पाणी! दानम्मानं निळा प्लॅस्टिकचा टब रिक्षातून आणला तेव्हा सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती.

"डॉक्टरनं सांगितलंय," दानम्मा कुणीही न विचारता म्हणाली. "पाय शेकायचे. हार्टासाठी."

रत्नम्मांनी टबाकडं पाहिलं, दानम्माकडं पाहिलं, आणि गल्लीला फर्मान सोडलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर आला की प्रत्येक घर आपल्या वाट्यातलं थोडं पाणी एका कळशीत ओतायचं आणि ती कळशी सिद्रामप्पांच्या ओट्यावर यायची. सिद्रामप्पांना त्या कळशीकडं बघवत नसे. लोक स्वतः अंघोळीला ओला पंचा फिरवतायत आणि आपण त्यांच्या पाण्यात मीठ घालून बसतोय, तेही कसल्या ठिकाणासाठी! बसल्या बसल्या त्यांना लाज वाटायची. पण पाणी कोमट असायचं आणि बरं वाटायचं, हेही तितकंच खरं.

पाण्याच्या मागोमाग पथ्य आलं. रत्नम्मांकडून सुरणाची भाजी, ग्यानोबांकडून ताक, तिसऱ्या घरून इसबगोलाचा पुडा. हृदयरोग्याला सुरण! सिद्रामप्पांना लोकांच्या अडाणीपणाची गंमत वाटली. बिचाऱ्यांना काय कळतं, असं म्हणून त्यांनी सगळं संपवलं. गुण मात्र आला.

आणि मग समुद्र आला.

दानम्मानं जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर उदगीर, सासर उदगीर, संसार लातूर. जास्तीत जास्त लांब म्हणजे श्रीशैलम. टीव्हीवर समुद्र दिसला की ती हातातलं काम टाकून पुढं सरकायची आणि "एवढं पाणी एका जागी?" असं दर वेळी नव्यानं म्हणायची. मुलगी महादेवी सिंगापुरात होती. आईचं हे वेड तिला ठाऊक होतं. तिनं दोघांची तिकिटं काढली. "अव्वा, आमच्या घरापासून समुद्र जवळच आहे," असं तिनं फोनवर सांगितलं. दानम्मा पदर डोळ्यांना लावून आत गेली आणि माळ्यावरची बॅग काढून, पुसून, कॉटखाली ठेवली. पाणी न वापरता पुसली, हे सांगायला नकोच.

एकच अट होती, आणि ती जावयाची. प्रवासाचा विमा काढल्याशिवाय यायचं नाही. तिकडं दवाखान्यात पाऊल टाकलं तरी माणूस धुवून निघतो म्हणे, आणि मामांचं तर नुकतंच ऑपरेशन झालेलं. अवघड जागचं दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आहे. हा जावई कंप्युटरवाला होता, पण त्यामुळं काही सोपं झालं नाही.

विम्याचं काम पंचाक्षरीकडं गेलं. पंचाक्षरी दानम्माच्या लांबच्या नात्यातला; गंजगोलाईत साड्यांच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. माणूस प्रामाणिक. दोष एकच, आवाज. जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं माइकवरून तोच पुकारायचा, आणि माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात येत नसे.

"जन्मस्थळ, मामा?"

"उदगीर."

"जिल्हा?"

इथं सिद्रामप्पांमधला हेडक्लार्क जागा झाला. "कधीचा जिल्हा विचारतोस? जन्मलो तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. शाळेत गेलो उस्मानाबाद जिल्ह्यात. लग्न झालं उस्मानाबादलाच, आणि संसाराची घडी बसते न बसते तोवर लातूर जिल्हा झाला. माझं घर एक इंचभर हललं नाही. जिल्हेच बदलत गेले."

पासपोर्टात त्यांनी हट्टानं बिदर लिहून घेतलं होतं. कंपनीचा कंप्युटर उदगीर लातूरखालीच दाखवी. बिदरखाली उदगीर म्हटलं की लाल होई. सिद्रामप्पांनी उदगीरला मेहुण्याला, बसलिंगप्पांना फोन लावला. ते जिल्हा कृती समितीत होते. त्यांनी सल्ला दिला, "थांबा की भावजी थोडं. उदगीर जिल्हा होऊनच राहिलाय. औंदा घोषणा हाय. मग जिल्हा उदगीर म्हणूनच लिवा, लफडंच न्हाई." हे ते गेली कित्येक वर्षं सांगत होते. शेवटी पंचाक्षरीनं लातूर टाकलं आणि कंप्युटर शांत झाला. सिद्रामप्पांना मात्र आपण कुठं जन्मलो हे एका यंत्रानं ठरवावं याचा धक्का बसला. त्या दिवसांतला तो सगळ्यांत लहान धक्का होता, पण हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

"बाकीचं मी भरतो," पंचाक्षरी म्हणाला. "आपल्या माणसाला काय इचारायचं? मला सगळं म्हाईत हाय."

आणि त्याला जे माहीत होतं ते त्यानं भरलं. हार्टाचं ऑपरेशन. गल्लीच्या साक्षीनं.

कंपनीचं उत्तर आलं: इतक्यात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या माणसाला विमा देता येत नाही.

ही बातमी पंचाक्षरीनं रस्त्यावरूनच ओरडून सांगितली, त्यामुळं दानम्माला ती स्वयंपाकघरात कळली. ती बाहेर आली नाही. सिद्रामप्पा आत गेले तर कॉटखालची बॅग जागेवर नव्हती. ती पुन्हा माळ्यावर गेली होती.

"दाने," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "टीव्हीवर दिसतोय की."

सिद्रामप्पांना ऑपरेशनच्या टेबलावर कळ आली नव्हती इतकी त्या वाक्यानं आली. आपलं हार्ट खरोखरच अधू असतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटून गेलं; निदान खोटं तरी पडलं नसतं. त्यांनी टोपी घातली आणि गंजगोलाई गाठली.

"पंचाक्षरी, दार लाव. आणि ओरडू नको."

"मी कुठं ओरडतो?" पंचाक्षरी ओरडला.

"माझं हार्ट नाही झालेलं."

"मग कशाचं झालं, मामा?"

"पोटाचं म्हण."

"अपेंडिक्स?"

"त्याच्या खाली."

"हर्निया!"

"जरा मागं ये."

पंचाक्षरीनं विचार केला. "मणका?"

"मणका जिथं संपतो ना…" सिद्रामप्पा म्हणाले, आणि खिडकीतून गंजगोलाईच्या गर्दीकडं पाहू लागले.

तेव्हा एक अघटित घडलं. पंचाक्षरीचा आवाज खाली आला. जन्मात प्रथमच तो कुजबुजला, "मामा, कुणाला म्हणून सांगणार न्हाई. शप्पथ." त्याच्या तोंडावर इतकी दया होती की सिद्रामप्पांना वाटलं, यापेक्षा तो ओरडला असता तर परवडलं असतं.

पण विमा कंपनी बांधकाम खात्याचीच बहीण निघाली. आधी हार्ट म्हणालात, आता नाही म्हणताय. तेव्हा हार्ट नसल्याचा पुरावा द्या, असं तिचं म्हणणं आलं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरचा दाखला आणा, शिवाय आमच्याकडून फोन येईल त्यावर स्वतः उत्तरं द्या. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांकडून जिवंत असल्याचे दाखले मागितले, त्याला आता स्वतःच्या छातीत काही बिघाड नाही हे सिद्ध करायचं होतं.

नांदेडला जायला एसटीशिवाय काय? आणि एसटीचं बाक, अहमदपूरपुढचे खड्डे आणि सिद्रामप्पांचं ताजं दुखणं यांचा मेळ कसा बसणार? शिवाय ज्येष्ठ नागरिक उभा दिसला की कंडक्टर दंडाला धरून बसवतोच. सिद्रामप्पा धास्तावूनच चढले. पण आश्चर्य असं की कंडक्टरनं त्यांच्याकडं एकदा निरखून पाहिलं, "या अप्पा, असं टेकून उभं ऱ्हावा" म्हणून दाराजवळची जागा करून दिली, आणि नांदेड येईपर्यंत त्यांना बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. एक बाई सीट देऊ लागल्या तर कंडक्टरनं त्यांनाच गप्प केलं. माणुसकी किती कमी होत चाललीय, असं सिद्रामप्पांना वाटलं, आणि बरंही वाटलं.

डॉक्टरांपुढं त्यांनी एक अजब विनंती केली. "साहेब, जरा वाचता येणार नाही असं लिहा."

इतर डॉक्टर हे न मागता करतात. पण हे तरुण होते, आधुनिक होते. त्यांनी कंप्युटरवर, ठळक टायपात, मराठीत आणि इंग्रजीत, आजार, जागा आणि बाजू सगळं स्पष्ट लिहिलं, खाली "हृदय उत्तम" असं जोडलं, आणि छापून हातात दिलं. सिद्रामप्पांनी तो कागद चौघडी करून करडगीच्या जवळ, बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. परतीचा सगळा प्रवास त्यांनी त्यावर हात दाबून केला. बसमधले लोक हळहळले. "हार्टाचा त्रास दिसतोय बिचाऱ्याला," एकजण म्हणाला.

दाखला गेला. आता फोन यायचा होता.

सिद्रामप्पांच्या मोबाइलचं एक वैशिष्ट्य होतं. तो कानाला लावला तर ऐकू येत नसे; स्पीकरवर टाकला तरच बोले. आणि घरात त्याला रेंज नव्हती. रेंज फक्त ओट्यावर, आणि ओट्यावरही उजव्या खांबाला चिकटून उभं राहिलं तर. म्हणून फोन दुपारी यावा, गल्ली झोपलेली असताना यावा, असं सिद्रामप्पांनी शिवाला विनवलं होतं. शिवानं ते ऐकलं असेल. टँकरवाल्यानं ऐकलं नाही. तो भर दुपारीच आला. घागरी, कळशा, डबे, ड्रम घेऊन सगळी गल्ली सिद्रामप्पांच्या ओट्यासमोर रांगेत उभी राहिली, नळी सुटली, रत्नम्मांनी हात वर केला, आणि खिशात मोबाइल वाजू लागला.

ते सकाळपासून खांबाला चिकटूनच उभे होते.

"नमस्कार, सिद्रामप्पा हलकुडे बोलताय का?" पुण्याकडचा बाईंचा आवाज. स्वच्छ, खणखणीत, एकेक अक्षर सुटं. "हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली, ते आपल्या शब्दांत सांगा."

"दाखल्यात आहे," सिद्रामप्पा पुटपुटले.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोला."

"दाखला जोडला आहे. सोबत."

"आपण स्वतः सांगणं आवश्यक आहे. आपल्याला हृदयविकार आहे का?"

टँकरची नळी सोडून सगळं थांबलं होतं. ग्यानोबा आपल्या ड्रमावर हात ठेवून उभे होते. सिद्रामप्पांचा हात छातीकडं गेला.

"सर, उत्तर आलं नाही तर मला अर्ज बंद करावा लागेल."

रांगेत चौथी दानम्मा होती. कमरेवर घागर, कपाळावर घाम. ती नवऱ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, आशाही नव्हती. ती बॅग माळ्यावर ठेवून आलेल्या बाईसारखी उभी होती. तिनं मान हलवून त्यांना खुणावलं: ऱ्हाऊ द्या. नका बोलू.

ही बाई आपली अब्रू झाकायला समुद्रावर पाणी सोडायला निघालीय, आणि आपण कसली अब्रू झाकतोय! सिद्रामप्पांनी करडगी सोडली, मोबाइल तोंडाजवळ धरला आणि पंचाक्षरीलाही लाजवील अशा आवाजात ओरडले, "हृदयविकार नाही! मूळव्याध! मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, नांदेडला! हार्ट घोड्याचं आहे!"

"धन्यवाद," बाई म्हणाल्या. "रक्तस्राव होतो का?"

"आता नाही!"

"शौचाला त्रास?"

"सुरणामुळं बरं आहे!"

फोन बंद झाला. सिद्रामप्पांनी डोळे मिटले. आता हसण्याचा स्फोट होणार, पोरं टाळ्या पिटणार, हे घर विकून उदगीरला जावं लागणार, तेही जिल्हा होण्याआधी. इतका सगळा विचार त्यांच्या मनात झरझर येऊन गेला.

काहीच झालं नाही. नळीच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

त्यांनी डोळे उघडले. रांग होती तशीच होती. कुणी वळूनसुद्धा पाहत नव्हतं.

"झालं का बोलून?" रत्नम्मा म्हणाल्या. "मग सरका पुढं. पानी वाया चाललंय."

"रत्नम्मा," सिद्रामप्पा म्हणाले, "तुम्ही… ऐकलंत ना?"

"ह्यात ऐकायचं काय हाय? टब आला त्याच दिवशी कळलं. हार्टाला टब लागतोय व्हय? माझ्या मालकाला दोन डाव झालं हुतं हे. मिठाच्या पान्यात बसून बसून तो टब फुटला."

सिद्रामप्पा ग्यानोबांकडं वळले. "आणि तुम्ही रोज विचारता, छाती कशी आहे म्हणून!"

"मंग काय इचारू अप्पा?" ग्यानोबा ड्रम सरकवत म्हणाले. "तुमच्या घरनं हार्ट म्हणलं, आमीबी हार्ट म्हणलो. मोठ्या माणसाला वाईट वाटू ने. त्या नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरलाबी मीच सांगून ठिवलं हुतं, अप्पाला बसा म्हणू नको म्हणून."

सिद्रामप्पा खांबाला टेकले. ऑपरेशनचा धक्का, कंप्युटरचा धक्का, विम्याचा धक्का हे सगळे यापुढं काहीच नव्हते. सगळ्या गल्लीला माहीत होतं. माहीत असून सगळी गल्ली त्यांच्या हार्टाची चौकशी करत होती आणि सुरण पाठवत होती. आणि ती कळशी! ते पाणी हार्टासाठी आहे असं समजून दिलं असतं तर ती फसवणूक झाली असती, आणि फसवणुकीचं ओझं तरी ओळखीचं असतं. पण लोकांनी कशासाठी आहे ते जाणून, आपल्या तोंडातलं काढून ते पाणी दिलं होतं. रागवावं की पाया पडावं हे त्यांना कळेना. डोळे भरून आले म्हणून त्यांनी टोपी सारखी करायचं नाटक केलं.

गुपित फुटलंय हे न समजलेला अख्ख्या लातुरात एकच माणूस होता. पंचाक्षरी. तो शपथ पाळून होता आणि त्याला अजूनही वाटत होतं की हे फक्त त्यालाच ठाऊक आहे.

विमा मंजूर झाला. कागदात एकच अपवाद होता. गुदमार्ग व त्याच्याशी संबंधित सर्व तक्रारी वगळून बाकी संपूर्ण शरीर संरक्षित, असं त्यात नमूद होतं. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला तेवढा भाग सोडून उरलेले सिद्रामप्पा विम्याखाली आले. हेडक्लार्क म्हणून त्यांना या वाक्यरचनेचं कौतुक वाटलं. बॅग माळ्यावरून खाली आली. निघायच्या दिवशी गल्ली ओट्यावर जमली, आणि रत्नम्मांनी दानम्माच्या हातात कागदात गुंडाळलेली एक वस्तू दिली. विमानात उघडली तर मधे भोक असलेली हवेची उशी निघाली. मालकाची. जपून ठेवलेली. सिद्रामप्पा त्यावर सिंगापूरपर्यंत राजासारखे बसून गेले.

महादेवीनं दुसऱ्याच दिवशी त्यांना समुद्रावर नेलं आणि ती नारळपाणी आणायला गेली. दानम्मानं चपला काढल्या. कितीतरी वेळ ती नुसती उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आवो, ह्याला रांग न्हाई?"

"नाही," सिद्रामप्पा म्हणाले. इतकं पाणी त्यांनी कल्पनेतही पाहिलं नव्हतं. नकळत त्यांचा हात करडगीवर गेला.

एक सुरक्षारक्षक धावत आला. त्यानं स्वतःची छाती थोपटून विचारलं, "हार्ट? सर, हार्ट?"

"न्हाई बाबा," सिद्रामप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्या आवाजात, मनापासून म्हणाले. "मूळव्याध."

त्याला काही कळलं नाही, पण माणूस हसतोय असं बघून तोही हसला आणि गेला.

दानम्मा तोवर पुढं गेली होती. लाट आली, तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली, आणि ती लहान पोरीसारखी ओरडली. मग ती पाण्यात खाली बसली. दोन्ही हातांनी पाणी उचलायची आणि सांडायची. उचलायची आणि सांडायची. साऱ्या उन्हाळ्यात सांडलं नसेल तेवढं पाणी तिनं तिथं सांडलं. तिच्या गालांवरून ओघळत होतं ते सगळंच समुद्राचं नव्हतं. एकदम तिनं ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि वळून नवऱ्याला हाक मारली.

"आवो, या की! बसा हितं. कोमट हाय, आन् मीठबी घातल्यालंच हाय."